पाच प्लगइन, एक पाया : पेपर सर्व्हरवर सामायिक जावा फ्रेमवर्क उभारण्याचे प्रकरण

मांडणी आणि दुखणे

माइनक्राफ्टचे तीन सर्व्हर एका वेलॉसिटी प्रॉक्सीमागे, म्हणजे खेळाडूंना हव्या त्या सर्व्हरकडे नेणाऱ्या मधल्या प्रोग्राममागे, चालतात : लॉबी, सर्व्हायव्हल आणि स्कायब्लॉक. तिन्ही पेपर या सर्व्हर-सॉफ्टवेअरच्या १.२१.४ आवृत्तीवर, जावा २१ वर. मागे सगळ्यांना मिळून एक मारियाडीबी डेटाबेस. प्रत्येक सर्व्हरवर घरीच लिहिलेले पाच प्लगइन आहेत : खेळाडूंची घरे जतन करणारा, दुकान, रँक, रोजचे बक्षीस आणि तक्रारनोंद. ही मांडणी उदाहरणादाखल घेतली आहे, पण तिच्यात होणाऱ्या चुका लहान-मध्यम सर्व्हरवर रोज होतात.

पाचही प्लगइन वेगवेगळ्या वेळी लिहिले गेले आणि डेटाबेस जोडणारा कोड दर वेळी आधीच्या प्लगइनमधून उचलून चिकटवला गेला. प्रत्येकात हिकारीसीपी या लायब्ररीचा स्वतःचा कनेक्शन पूल, म्हणजे डेटाबेसच्या उघडून ठेवलेल्या कनेक्शनचा साठा. हिकारीला काही सांगितले नाही तर पूलचा कमाल आकार १० असतो, आणि किमान रिकाम्या कनेक्शनची संख्याही तेवढीच धरली जाते. म्हणजे वापर असो-नसो, पूल दहाही कनेक्शन उघडून धरून ठेवतो. पाच प्लगइनचे ५० झाले, तीन सर्व्हरचे १५०. मारियाडीबीची मूळ मर्यादा १५१ आहे. सगळे सुरळीत असताना शिल्लक राहते एक.

त्या एका जागेवर रात्रीचा बॅकअप बसतो. त्याच वेळी कुणी चाचणीचा चौथा सर्व्हर सुरू केला की लॉगमध्ये 'टू मेनी कनेक्शन्स' आणि १०४० हा क्रमांक येतो. त्याहून वाईट म्हणजे रिलोड कमांड. ती प्लगइनला नवा क्लासलोडर (क्लास मेमरीत आणणारा जावाचा भाग) देऊन पुन्हा उभा करते. जुन्या प्लगइनच्या ऑनडिसेबलमध्ये, म्हणजे बंद होताना चालणाऱ्या मेथडमध्ये, पूल बंद केलेला नसेल, तर जुने ५० कनेक्शन तसेच लटकत राहतात, नवे ५० मागितले जातात आणि जुन्या पूलचे थ्रेड जुना क्लासलोडरही मेमरीत धरून बसतात.

कमाल कनेक्शनचा आकडा ५०० करणे हा पहिला सुचणारा उपाय. तो टाळावा. मारियाडीबी मूळ मांडणीत प्रत्येक कनेक्शनला एक थ्रेड देते आणि त्यामागे मेमरीही जाते. शिवाय दुखणे आकड्यात नाहीच. एकाच प्रक्रियेत पाच जण तेच काम पाच वेळा करतात, हे दुखणे आहे. म्हणून पाचांखाली एक सामायिक फ्रेमवर्क घालायचे ठरले. त्याला इथे 'पाया' म्हणू. प्लगइनच्या वर्णनफाइलीत (plugin.yml) मात्र हे नाव रोमन लिपीतच लिहावे लागते. प्लगइनच्या नावात इंग्रजी अक्षरे, अंक, टिंब, आडवी रेघ आणि अंडरस्कोर एवढेच चालते; देवनागरी नाव दिले तर सर्व्हर प्लगइन उघडतच नाही.

पाया कुठे राहणार

इथला निर्णय पुढच्या सगळ्यावर परिणाम करतो, म्हणून त्यावर वेळ घालवणे योग्य. वाटा दोन आहेत. एक, फ्रेमवर्कचे क्लास प्रत्येक प्लगइनच्या जारमध्ये (बांधून तयार झालेल्या जावा फाइलीत) कोंबायचे, म्हणजे शेडिंग. दोन, फ्रेमवर्क स्वतःच एक प्लगइन करायचा आणि बाकीच्यांनी त्यावर अवलंबून राहायचे.

शेडिंग सोपे वाटते कारण एकच जार टाकला की काम होते. पण जावात क्लासची ओळख नुसत्या नावावर ठरत नाही. नाव आणि तो लोड करणारा क्लासलोडर, दोन्ही मिळून ओळख बनते. पेपरचा पूर्वज असलेल्या बकिटच्या काळापासून प्रत्येक प्लगइनला स्वतंत्र क्लासलोडर मिळतो. त्यामुळे पाच जारमध्ये एकच क्लास असला, तरी चालत्या सर्व्हरमध्ये ते पाच वेगळे क्लास असतात. त्यातला 'स्टॅटिक' पूलही पाच वेळा जन्मतो. म्हणजे कोड सामायिक झाला, पूल मात्र पाचच राहिले. १५० चा आकडा जागचा हलत नाही.

निवडीची कसोटी अशी : फ्रेमवर्कमध्ये जपायची अवस्था असेल, म्हणजे कनेक्शन पूल, खेळाडूंच्या माहितीचा कॅश, चालू सत्रे, तर तो वेगळा प्लगइनच हवा. नुसती मदतनीस साधने असतील, जसे मजकूर रंगवणे, वस्तूंची यादी बांधणे, वेळेचे रूपांतर, तर ती शेड करून पॅकेजचे नाव बदलून प्रत्येक जारमध्ये ठेवणे अधिक सुरक्षित, कारण प्रत्येक प्लगइन आपल्या गतीने नवी आवृत्ती घेऊ शकतो. व्हॉल्टचे उदाहरण या समाजात सगळ्यांना माहीत आहे : प्लगइन एक, त्याचा एपीआय, म्हणजे इतरांनी वापरायचे इंटरफेस, वेगळा, आणि अर्थव्यवस्थेचे प्लगइन त्यातून एकमेकांना भेटतात. पाया त्याच वळणाने बांधला.

बिल्डची उभारणी

ग्रेडल या बिल्ड-साधनाचा एकच प्रकल्प, त्यात सात मॉड्यूल : एपीआय, कोअर आणि पाच प्लगइन. ग्रेडल ८.५ किंवा पुढचे घ्या. जावा २१ वर स्वतः चालू शकणारी ती पहिली आवृत्ती. टूलचेनमध्ये भाषेची आवृत्ती २१ लिहून टाका. ती न लिहिता यंत्रावर जो जावा असेल त्याने बिल्ड केले आणि सर्व्हरचा जावा त्याहून जुना निघाला, तर 'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन' येते. त्या ओळीतला आकडा वाचता आला पाहिजे : ६५ म्हणजे जावा २१, ६१ म्हणजे १७, ५२ म्हणजे ८.

एपीआय मॉड्यूलमध्ये फक्त इंटरफेस आणि साधे डेटा-रेकॉर्ड. त्यात पेपर-एपीआयची १.२१.४-आर०.१-स्नॅपशॉट ही आवृत्ती कंपाइलओन्ली (फक्त कंपाइलपुरती) म्हणून, पेपरच्या स्वतःच्या मेवन रिपॉझिटरीतून. पेपर-एपीआय कुठेही 'इम्प्लिमेंटेशन' म्हणून लिहू नका. शॅडो, म्हणजे शेडिंग करणारे ग्रेडलचे प्लगइन, ते सगळे जारमध्ये भरेल आणि काही केबींचा प्लगइन विनाकारण काही एमबींचा होईल.

कोअर मॉड्यूल हा खरा प्लगइन, म्हणजेच पाया. त्यात एपीआय मॉड्यूल 'इम्प्लिमेंटेशन', हिकारीसीपी आणि मारियाडीबीचा जोडक (ड्रायव्हर) 'इम्प्लिमेंटेशन', आणि शॅडो. शॅडो प्लगइनचा पत्ता बदलला आहे. जुन्या लेखांत जॉनरेंगेलमनच्या नावाचा ओळखक्रम सापडतो, ८.३ पासून तो ग्रेडलअपच्या नावाखाली आहे. जुना क्रम नव्या ग्रेडलवर लावला तर बिल्ड मध्येच पडते.

पाचही ग्राहक प्लगइनमध्ये, म्हणजे पाया वापरणाऱ्या प्लगइनमध्ये, एपीआय मॉड्यूल कंपाइलओन्ली. हा एक शब्द लक्षात ठेवा, पुढे सगळी गोष्ट त्याच्यावरच फिरते.

कोअरच्या वर्णनफाइलीत नाव, आवृत्ती, मुख्य क्लास आणि एपीआय-व्हर्जन. एपीआय-व्हर्जन सोडले तर सर्व्हर प्लगइनला जुन्या पिढीचा समजतो, जुन्या मटेरियलचा आधार लोड करतो आणि सुरू व्हायला उशीर लावतो. ते अवतरणचिन्हांत लिहा. वर्णनफाइल ज्या यामल स्वरूपात असते ते या आकड्याला दशांश संख्या समजते, त्यामुळे अवतरणाशिवाय लिहिलेले १.२० हे १.२ होऊन बसते. १.२१ ला हा धोका नाही, पण सवय एकच ठेवलेली बरी. ग्राहकांच्या वर्णनफाइलीत 'डिपेंड' खाली पायाचे नाव. तिथे जारचे नाव चालत नाही, वर्णनफाइलीतले नावच लागते आणि लहान-मोठी अक्षरेही तंतोतंत जुळावी लागतात. हे चुकले की सर्व्हर 'अननोन ऑर मिसिंग डिपेंडन्सी' म्हणून स्पष्ट सांगतो.

आवृत्तीचा क्रमांक ग्रेडलमधून वर्णनफाइलीत घालायला 'एक्सपांड' वापरतात. तो नेमका त्या एका फाइलीपुरताच लावा. सगळ्या रिसोर्सवर लावला तर संदेशफाइलीतले डॉलरचिन्ह त्याला बदलायचा शब्द वाटते आणि बिल्ड फुटते. मराठी संदेश ठेवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट करावी : जावा कंपाइलचे एन्कोडिंग आणि रिसोर्स गाळण्याचे एन्कोडिंग, दोन्ही यूटीएफ-८ म्हणून उघड लिहावे. जावा १८ पासून मूळ एन्कोडिंग यूटीएफ-८ झाले, पण जुन्या जावावर विंडोज यंत्रावर केलेल्या बिल्डमध्ये 'स्वागत आहे' च्या जागी चित्रविचित्र चिन्हांची माळ उमटते. दोष जारमध्येच शिरलेला असतो, सर्व्हरवर काहीही केले तरी तो जात नाही.

बिल्ड झाल्यावर लिब्स फोल्डरमध्ये दोन जार दिसतात : एक साधा, एक शेवटी 'ऑल' लागलेला. साधा जार सर्व्हरवर टाकला तर हिकारी सापडत नाही आणि 'नो क्लास डेफ फाउंड' येते. ही चूक इतकी हमखास होते की शॅडोचे शेपूट रिकामे करून साध्या जारला दुसरे शेपूट द्यावे आणि प्रश्न मिटवावा.

दुकानाला पाया दिसत नाही

कोअर सुरू होताना ऑनएनेबलमध्ये पूल उघडतो आणि 'साठवण' हा इंटरफेस बकिटच्या सर्व्हिसेस मॅनेजरमध्ये नोंदवतो. ग्राहक आपल्या ऑनएनेबलमध्ये तिथून तो उचलतात. चार प्लगइन व्यवस्थित चालू झाले. दुकान मात्र नल पॉइंटर एक्सेप्शन देऊन बंद पडले. सर्व्हिसेस मॅनेजरने त्याला नल दिले होते.

साधे संशय आधी संपवायचे. कोअर चालू आहे का? हो, प्लगइनांच्या यादीत हिरवा. क्रम बरोबर आहे का? लॉगमध्ये कोअर आधी, दुकान नंतर. डिपेंड लिहिले आहे का? आहे. सेवा नोंदली गेली का? बाकी चौघांना मिळते आहे. मग एकाच प्लगइनला तीच सेवा, त्याच नावाने मागून, का मिळत नाही?

उत्तर जारच्या आत आहे. टर्मिनलमध्ये जार-टीएफ (jar tf) ही आज्ञा देऊन दुकानाच्या जारमधली यादी काढली की एपीआयचे पॅकेज तिथे दिसते. ते असायलाच नको होते. दुकानाच्या बिल्ड फाइलीत एपीआय मॉड्यूल कंपाइलओन्लीऐवजी इम्प्लिमेंटेशन लिहिले होते. शॅडो रनटाइम क्लासपाथवरचे सगळे जारमध्ये भरते. इम्प्लिमेंटेशन त्यात येते, कंपाइलओन्ली येत नाही.

आता आत काय घडले ते क्रमाने पाहू. दुकानाचा क्लासलोडर एखादा क्लास शोधताना आधी पालक लोडरला, म्हणजे सर्व्हरला विचारतो. तिथे नसेल तर स्वतःच्या जारमध्ये पाहतो. तिथेही नसेल तरच इतर प्लगइनांकडे जातो. चार प्लगइनांच्या जारमध्ये 'साठवण' नव्हता, म्हणून त्यांना कोअरचा मिळाला. दुकानाला स्वतःच्याच जारमध्ये सापडला आणि शोध तिथेच थांबला. सर्व्हिसेस मॅनेजर आतून एक नकाशा ठेवतो आणि त्याची किल्ली असते क्लास ऑब्जेक्ट. किल्लीसाठी नावाची अक्षरे कामाची नसतात. दुकानाने आपल्या प्रतीची किल्ली पुढे केली, त्या किल्लीखाली काहीच नोंदलेले नव्हते, म्हणून नल.

हीच चूक दुसऱ्या रूपातही भेटते. सर्व्हिसेस मॅनेजर न वापरता प्लगइन मॅनेजरकडून पाया मागून तो थेट आपल्या क्लासमध्ये कास्ट केला, आणि जारमध्ये कोअरचे क्लास शिरलेले असले, तर 'क्लास कास्ट एक्सेप्शन' येते. त्यात तेच नाव दोनदा असते : अमुक क्लास अमुक क्लासमध्ये बदलता येत नाही. पहिल्यांदा वाचणारा चक्रावतो. पण ओळ पुढे वाचली तर कंसात दोन लोडरांची नावे आणि त्यांच्यामागे ॲटचे चिन्ह व दोन वेगळे हॅश असतात. पेपर लोडरला जारचे नाव देतो, त्यामुळे एकीकडे कोअरचा जार आणि दुसरीकडे दुकानाचा जार स्पष्ट छापलेला असतो. खात्री हवी असेल तर दोन्ही प्लगइनमध्ये त्या इंटरफेसचा क्लासलोडर एका ओळीत छापा. दोन्हीकडे एकच छापला गेला पाहिजे.

दुरुस्ती एका शब्दाची : इम्प्लिमेंटेशनच्या जागी कंपाइलओन्ली. मग क्लीन बिल्ड आणि जारची यादी पुन्हा तपासणे. ही तपासणी हातावर सोडू नये. बिल्डमध्येच एक छोटे काम घाला, जे ग्राहकांचे जार उघडून एपीआय पॅकेजचा मार्ग सापडला तर बिल्ड पाडते. पाच प्लगइनवर पाच जण काम करतात तेव्हा ही चूक परत येतेच. नवीन मॉड्यूल बनवताना जुन्याची बिल्ड फाइल उचलली जाते आणि तिच्यासोबत हा शब्दही.

याच जागी एक इशारा. कोअरमध्ये पॅकेजचे नाव बदलताना, म्हणजे रिलोकेशन करताना, नियम फक्त हिकारी आणि जोडकापुरता लिहा. आपल्या संस्थेच्या मूळ पॅकेजवर सरसकट नियम लावला तर एपीआयचेही नाव बदलते, आणि मग एकाही ग्राहकाला पाया दिसत नाही.

रिलोकेशनचे काटे

कुठली गोष्ट रिलोकेट करायची आणि कुठली नाही, यावर बरेच तास जातात. कारणे कळली की तेवढा वेळ लागत नाही.

सर्व्हर जे स्वतः घेऊन येतो ते पालक लोडरवर असते आणि पालकाला पहिला मान असतो. ग्वावा या लायब्ररीची वेगळी आवृत्ती जारमध्ये नुसतीच भरली तर ती कधी वापरलीच जात नाही. सर्व्हरची वापरली जाते आणि एखादी मेथड नसली की 'नो सच मेथड' येते. म्हणून सर्व्हरकडे असलेल्या गोष्टीची दुसरी आवृत्ती हवी असेल तर नाव बदलणे अनिवार्य. याच्या उलट एसएलएफ४जे. हिकारी लॉगसाठी ते वापरते, सर्व्हरकडे ते असतेच. ते शॅडोमधून वगळा. भरून नाव बदलले तर त्याला लॉग लिहिणारा कुणी सापडत नाही, आणि पूलच्या तक्रारी लॉगमध्ये येणे बंद होते. नेमके जेव्हा त्या हव्या असतात तेव्हा.

हिकारीचे नाव बदलले की एपीआयच्या मेथडमधून हिकारीचा कुठलाही प्रकार बाहेर देता येत नाही. समजा एपीआयमध्ये हिकारी डेटासोर्स परत देणारी मेथड आहे. कोअरचा जार बनताना त्या मेथडच्या सहीतला प्रकार बदललेल्या नावाचा होतो. दुकान मात्र मूळ नावाविरुद्ध कंपाइल झालेले असते. कंपाइल बिनबोभाट होते आणि सर्व्हरवर पहिल्या हाकेला 'नो सच मेथड' पडते. उपाय : एपीआयमधून जावाचाच डेटासोर्स इंटरफेस द्या. तो जेडीकेतला आहे, त्याचे नाव कुणी बदलत नाही. त्याहून चांगले म्हणजे डेटासोर्स न देता 'हे काम कनेक्शनवर करून आण' अशी एक मेथड द्यावी, म्हणजे कनेक्शन बंद करायची जबाबदारी पायाकडेच राहते.

जोडक भरला तरी 'नो सूटेबल ड्रायव्हर' येऊ शकते. ड्रायव्हर मॅनेजर ड्रायव्हर शोधतो तो सर्व्हरच्या लोडरमधून. प्लगइनच्या जारमधला त्याला आपोआप दिसत नाही. म्हणून हिकारीच्या कॉन्फिगमध्ये ड्रायव्हर क्लासचे नाव उघड सांगायचे. ते नाव जावा कोडमध्ये लिहा. शॅडो नाव बदलताना क्लासफाइलीतल्या मजकूर-स्थिरांकांतही बदल करते, पण यामल कॉन्फिगमध्ये लिहिलेले नाव तसेच राहते आणि मग तो क्लास सापडत नाही.

शॅडोचे 'मिनिमाइज' इथे लावू नका. ते न वापरलेले क्लास काढून टाकते आणि वापर ओळखते कोडमधल्या थेट संदर्भांवरून. ड्रायव्हर नावाने लोड होतो, थेट संदर्भ कुठेच नसतो, म्हणून तो पहिला कापला जातो.

चाचणीच्या सर्व्हरवर मारियाडीबीऐवजी एसक्यूलाइट वापरायचे असेल तर त्याचे पॅकेज कधीही रिलोकेट करू नका. त्यातली नेटिव्ह फाइल सी भाषेत आहे आणि तिच्यातल्या फंक्शनांच्या नावांत जावा पॅकेजचे नाव गुंफलेले आहे. जावा बाजूचे नाव बदलले की दोन्हींची गाठ तुटते आणि 'अनसॅटिस्फाइड लिंक' येते. सर्व्हरमध्ये एसक्यूलाइटचा ड्रायव्हर आधीपासून असतो, तोच वापरावा.

पूलचा आकार आणि मेन थ्रेड

आता प्रत्येक सर्व्हरवर एक पूल. आकार किती? हिकारीच्या दस्तऐवजात पोस्टग्रेस या डेटाबेसच्या अनुभवातून आलेले सूत्र आहे : डेटाबेस यंत्राचे सीपीयू कोअर गुणिले दोन, अधिक डिस्कची संख्या. चार कोअर आणि एक डिस्क धरली तर नऊ, तेही सगळ्या सर्व्हरांना मिळून. प्रत्येकी तीनवर काम भागते. गर्दीच्या वेळेसाठी इथे सहा दिले. तीन सर्व्हरचे १८. १५० वरून १८.

कनेक्शनची वाट पाहण्याची मुदत मूळची ३० सेकंद असते. ती ५ सेकंदांवर आणा. माइनक्राफ्टचा सर्व्हर मेन थ्रेडवर सेकंदाला २० टिक मारतो, म्हणजे खेळाचे जग २० वेळा पुढे सरकवतो; एका टिकला ५० मिलिसेकंद. मेन थ्रेडवरून कुणी चुकून क्वेरी मारली आणि पूलमध्ये एकही मोकळे कनेक्शन नसले, तर संपूर्ण जग ३० सेकंद गोठते. पेपरचा वॉचडॉग १० सेकंदांनंतर थ्रेडची यादी लॉगमध्ये ओतू लागतो आणि स्पिगॉटच्या कॉन्फिगमधल्या मूळ ६० सेकंदांच्या मुदतीला सर्व्हर बंद करतो. त्या यादीत मेन थ्रेडखाली हिकारीच्या गेटकनेक्शनची ओळ दिसली तर गुन्हेगार सापडला. पायाने हे आधीच अडवावे : साठवणीच्या प्रत्येक मेथडच्या सुरुवातीला आपण मेन थ्रेडवर आहोत का हे विचारावे आणि असलो तर तिथेच एक्सेप्शन फेकावे. चाचणीत पाच मिनिटांत चूक सापडते, नाहीतर ती शनिवारी रात्री भरल्या सर्व्हरवर सापडते.

निकाल मेथडमधून कंप्लीटेबल फ्यूचर (नंतर भरला जाणारा निकाल) म्हणून येतो. त्यावर लगेच जोडलेले पुढचे काम बहुधा क्वेरी चालवणाऱ्याच थ्रेडवर चालते. तिथून खेळाडूला टेलिपोर्ट केले किंवा ब्लॉक बदलला की सर्व्हर नकार देतो. म्हणून पायात 'मेन थ्रेडवर परत' असे एक सोपे साधन ठेवले, जे शेड्युलरच्या रनटास्कमधून काम परत आणते. ग्राहकांनी स्वतः शेड्युलरला हात लावायची गरज उरत नाही.

बंद होताना उलटे. ऑनडिसेबलच्या वेळी प्लगइन बंद मानला जातो आणि नवे काम नोंदवायला गेले तर 'डिसेबल असताना टास्क नोंदवला' अशी तक्रार येते. ज्यांचे जतन नेहमी असिंक (मागे, वेगळ्या थ्रेडवर) आहे त्यांचा शेवटचा डेटा इथे हरवतो. ऑनडिसेबलमधले जतन जागच्या जागी, थांबून करा. इथे मेन थ्रेडची बंदी पायाने उठवलेली हवी. क्रमाची काळजी सर्व्हरच घेतो : प्लगइन ज्या क्रमाने उभे राहतात त्याच्या उलट क्रमाने बंद होतात, म्हणून डिपेंड नीट लिहिले असेल तर पूल सगळ्यात शेवटी मिटतो.

प्रॉक्सीमागची शर्यत

खेळाडूची माहिती कधी वाचायची? जॉइन इव्हेंट मेन थ्रेडवर असतो. तिथे २०० मिलिसेकंदांची क्वेरी म्हणजे चार टिक गेले. असिंक प्रीलॉगिन इव्हेंट वेगळ्या थ्रेडवर असतो, तिथे थांबले तर फक्त तो एक खेळाडू थांबतो. पाया तिथे माहिती वाचून कॅशमध्ये ठेवतो. प्रीलॉगिननंतर दुसऱ्या प्लगइनने खेळाडूला नाकारले तर क्विट इव्हेंट येत नाही आणि ती नोंद कॅशमध्ये पडून राहते. म्हणून जॉइन न झालेल्या नोंदींना एक मिनिटाची मुदत घाला.

खरा घात मात्र सर्व्हर बदलताना होतो. वेलॉसिटी खेळाडूला सर्व्हायव्हलवरून लॉबीत नेताना आधी लॉबीशी जोडते, आणि ते जमले की मगच सर्व्हायव्हलचे कनेक्शन तोडते. म्हणजे लॉबीचे प्रीलॉगिन आधी, सर्व्हायव्हलचे क्विट नंतर. हा क्रम ठरलेलाच आहे. क्विटवर जतन करणारा प्लगइन असेल तर लॉबी जुनीच शिल्लक वाचते. सर्व्हायव्हलवर ५०० नाणी खर्चलेला खेळाडू लॉबीत ती परत घेऊन येतो, आणि लॉबी सोडताना ती जुनी शिल्लक डेटाबेसवर लिहिली जाते.

नाण्यांसाठी उपाय ठोस आहे : शिल्लक कधीच पूर्ण आकडा म्हणून लिहू नका. 'शिल्लक वजा ५००' असा फरक डेटाबेसलाच करायला सांगा, आणि त्याच आज्ञेत 'शिल्लक ५०० किंवा जास्त असेल तरच' ही अट घाला. बदललेल्या ओळींची संख्या शून्य आली तर खरेदी नाकारली. ज्या गोष्टी फरकात मांडता येत नाहीत, जसे घरांची यादी, त्या बदलल्याक्षणी लिहा, क्विटची वाट पाहू नका. कॅश फक्त वाचण्यासाठी.

आणि डेटा 'गायब' झाल्याची तक्रार आली तर आधी यूयूआयडी, म्हणजे खेळाडूचा ओळखक्रमांक, पाहा. मागच्या सर्व्हरांवर ऑनलाइन-मोड (खेळाडूची ओळख तपासणारी सेटिंग) बंद असतो. वेलॉसिटीचे फॉरवर्डिंग (खेळाडूची ओळख मागे पाठवणे) नीट लावले नसेल तर यूयूआयडी खेळाडूच्या नावावरून बनतो. तिसऱ्या गटाचा पहिला अंक ३ असेल तर तो नावावरून बनलेला, ४ असेल तर खरा. डेटा जागेवरच असतो, शोधणारा दुसऱ्या किल्लीने शोधत असतो.

बदल करताना

एपीआय एकदा पाच जणांच्या हातात गेला की त्यातली मेथड काढणे किंवा तिची सही बदलणे महाग पडते. जुने ग्राहक लोड होतात, हिरवे दिसतात, आणि ती मेथड हाक मारली जाईल तेव्हाच पडतात. तक्रारनोंदीसारख्या क्वचित वापरात तो क्षण आठवड्याने येतो. ग्राहक जो इंटरफेस स्वतः राबवतात त्यात नवी मेथड घालायची तर ती डिफॉल्ट अंगासह घाला. काढायची असेल ती आधी 'डेप्रिकेटेड' करा आणि पाचही ग्राहक नवीन बिल्ड झाल्यावरच काढा.

सर्व्हरच्या आतल्या क्लासना पायातून हात लावू नका. पेपरने १.२०.५ पासून क्राफ्टबकिटच्या पॅकेजमधला आवृत्तीचा तुकडा काढला. पॅकेजचे नाव टिंबावर तोडून चौथा तुकडा उचलणारे कितीतरी प्लगइन त्या दिवशी ॲरेच्या बाहेर गेले. अगदीच लागले तर पेपरवेट-यूझरडेव्ह हे ग्रेडल प्लगइन घेऊन तो भाग स्वतंत्र मॉड्यूलमध्ये बंद करा.

चाचणीसाठी रन-पेपर हे ग्रेडल प्लगइन पुरेसे आहे. रनसर्व्हर या कामात १.२१.४ सांगा, कोअरचा शॅडो जार त्याच्या प्लगइन-यादीत जोडा, रन फोल्डरमधल्या ईयूएलए (वापर-करार) फाइलीत मान्यता लिहा. एका आज्ञेत सर्व्हर, पाया आणि ग्राहक उभे राहतात.

प्रत्यक्ष सर्व्हरवर चढवताना सर्व्हर बंद करा, सहाही जार एकत्र बदला, मग सुरू करा. चालू सर्व्हरखालून जार बदलला तर अजून न वाचलेले क्लास नव्या फाइलीतून वाचले जातात आणि झिपच्या विचित्र चुका येतात. रिलोड कमांड परवानग्यांतून काढून टाका. सर्व्हर उभे राहिल्यावर मारियाडीबीत प्रोसेसलिस्ट, म्हणजे चालू कनेक्शनची यादी, पाहा : तिन्ही सर्व्हरांच्या पत्त्यांवरून प्रत्येकी सहा ओळी, एकूण १८. एखाद्या सर्व्हरच्या १६ आल्या तर एका ग्राहकात जुना हिकारी अजून शिल्लक आहे. जार-टीएफने त्याचे जार एकेक करून पाहा.